परवाना नसलेलं कुलूप

बारामतीच्या एसटी स्टँडमागे एक पॅथॉलॉजी लॅब होती. तिथे रक्त द्यायला येणारी माणसं सुईला कमी आणि रोहिणी देवकातेला जास्त घाबरत. "हात सरळ. सरळ म्हणजे सरळ. तोंड तिकडं फिरवा, माझ्याकडं बघून रक्त येत नाही." एकदा एका बाईने शेजारच्या माणसाकडे बोट दाखवून सहज विचारलं, "ह्यांना काय झालंय ओ?" रोहिणीने सुई न थांबवता विचारलं, "तुम्हाला काय झालंय ते ह्यांना सांगू का?" ती बाई पुन्हा त्या लॅबची पायरी चढली नाही. रोहिणीला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

गावाने तिच्या फटकळपणाची कारणं ठरवून टाकली होती. तिशी उलटली तरी लग्न नाही, हे एक. मेंढरं राखणाऱ्याच्या पोरीला नोकरीचा माज चढला, हे दुसरं. ज्या कारणाने ती तशी झाली ते मात्र कुणी काढत नसे, कारण त्यात गावाचाच हात होता. सणसरला तिच्या वडिलांचा कळप होता. उसाने कुरणं खाल्ली, कळप विकला, वडील दुसऱ्यांच्या उसाला पाणी द्यायला लागले. पण पोरगी हुशार म्हणून तिला पुण्याला पाठवून लॅबचा कोर्स करू दिला. एकविसाव्या वर्षी सोयरीक जमली, सुपारी फुटली. त्याच सुमारास कमरेवर पांढरा चट्टा दिसला म्हणून ती एका दवाखान्यात गेली. डॉक्टरने मलम लिहून दिलं. ते मलम पुडीत बांधून देणाऱ्या कंपाउंडरने संध्याकाळी चहाच्या गाड्यावर सांगितलं, देवकात्यांच्या पोरीला कोड उठलंय. चौथ्या दिवशी सोयरीक मोडली. ते कोड नव्हतं, साधं शिबं होतं, तीन आठवड्यांत गेलं.

तेव्हापासून दुसऱ्याच्या दुखण्यात नाक खुपसणाऱ्या माणसांबद्दल तिच्या मनात जे होतं, त्याला राग हा शब्द पुरा पडत नाही. आणि नशीब बघा, असाच एक माणूस तिच्या रोजच्या कामाला चिकटलेला होता. त्याचं नाव सावळाराम. इंदापूरला डॉ. इंदिरा महाजनी यांचं बाळंतपणाचं आणि इतरही दुखण्यांचं हॉस्पिटल होतं, तिथला हा जुना कंपाउंडर. तिथल्या पेशंटांचे रक्ताचे नमुने रोज सकाळी थर्मासमधून एसटीने बारामतीला येत. रिपोर्टचं पाकीट दुपारच्या गाडीने, कंडक्टरच्या हाती, परत जाई. सावळाराम ते इंदापूर स्टँडवर ताब्यात घेई. चार वाजता हॉस्पिटलच्या व्हरांड्यातल्या लांब बाकावर माणसं येऊन बसलेली असत आणि तो एकेकाचं नाव पुकारून आत सोडी. पाकीट डॉक्टरबाईंच्या टेबलावर पोचेपर्यंत त्याचं वाचून झालेलं असे. डिंक ओला करून पाकीट उघडायचं आणि पुन्हा चिकटवायचं, यात त्याचा हात बसला होता. डॉ. इंदिरांना हे कळत नव्हतं असं नाही. पण सावळाराम त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचा माणूस, आणि बाई स्वभावाने मऊ, नको तितक्या मऊ.

१९९६ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला आप्पा नावाच्या एका ट्रक ड्रायव्हरचा रिपोर्ट असाच गेला. एचआयव्ही पॉझिटिव्ह. डॉ. इंदिरांनी त्याला दुसऱ्या दिवशी बोलावून समजावून सांगायचं ठरवलं होतं. तो आला तेव्हा त्याला सगळं आधीच माहीत होतं. त्याच दिवशी सकाळी न्हाव्याने त्याची दाढी करायला नकार दिला होता. महिन्याभरात त्याच्या पोरांना शाळेत वेगळ्या बस्करावर बसवलं. रोहिणीला हे सांगितलं पाकीट नेणाऱ्या कंडक्टरनेच, वर म्हणाला, "तुमच्याच पाकिटातनं बाहेर पडलं म्हणं, ताई." त्या कागदावर आप्पाचं नाव रोहिणीने स्वतः टाइप केलेलं होतं. त्या दिवशी तिने जेवणाचा डबा उघडला नाही.

तिने आधी सोपे उपाय करून पाहिले. रिपोर्टवर नावाऐवजी नंबर टाकले, तर नंबर आणि नाव जोडणारी वही इंदापुरात सावळारामच्याच ड्रॉवरमध्ये. फोनवर सांगावं, तर फोन त्याच्याच काउंटरवर, आणि तो आत जोडून दिल्यावर रिसीव्हर खाली ठेवायचं हटकून विसरत असे.

लॅबमध्ये एक कॉम्प्युटर होता, रिपोर्ट छापायला घेतलेला. त्याच्यासाठी रोहिणी एक मासिक मागवत असे, आणि त्या मासिकासोबत कधीमधी फ्लॉपी येई. अशाच एका फ्लॉपीत तिला तो प्रोग्राम सापडला. तो मजकुराला कुलूप घालायचा, आणि त्याची तऱ्हा निराळी होती. किल्ल्या दोन. एकीने फक्त कुलूप लागतं, ती हव्या त्या माणसाला द्या, गावभर वाटा. दुसरीने ते उघडतं, ती एकट्या मालकापाशी राहते, आणि तिच्यावरही एक गुप्त वाक्य असतं. पहिली किल्ली हातात आली म्हणून दुसरी तयार करता येत नाही. रोहिणीने ते पान चार वेळा वाचलं. मग एका रविवारी ती एसटी पकडून इंदापूरला गेली आणि हॉस्पिटलच्या मागेच असलेल्या डॉ. इंदिरांच्या घरातल्या कॉम्प्युटरवर दोन्ही किल्ल्या तयार केल्या. गुप्त वाक्य टाइप करायची वेळ आली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "अगं, तुझ्यापासून काय लपवायचं," असं डॉ. इंदिरा म्हणाल्या. "माझ्यापासूनच लपवा," रोहिणी म्हणाली. "मी काय आभाळातून पडले?"

दुसऱ्या दिवसापासून पाकिटात कागदाऐवजी फ्लॉपी जाऊ लागली. आणि इथे रोहिणीने एक शहाणपण केलं, ते तिच्या नावावर मांडून ठेवायला हवं. फक्त नाजूक रिपोर्टलाच नव्हे, तर सगळ्यांनाच तिने कुलूप घातलं. साखर, लघवी, हिमोग्लोबिन, जंतांची तपासणी, सगळं. एकालाच कुलूप लावलं तर कुलूपच बोंब मारेल, हे तिला पहिल्या दिवशी कळलं होतं.

सावळारामने दोन दिवस कळ काढली. मग ओळखीच्या दुकानात फ्लॉपी घालून बघितली. पडद्यावर नुसता अक्षरांचा चिवडा. त्याने बारामतीला फोन लावला. "बाई, त्या फ्लापीची किल्ली आमच्याकडं नगं का? डाक्टरीनबाई नसल्या तर?"

"पाठवते की," रोहिणी म्हणाली, आणि खरोखरच पाठवली. कुलूप लावायची. सावळाराम आठ दिवस ती घेऊन दुकानात खेटे घालत होता. नववा दिवस उजाडला तेव्हा त्याला कुणीतरी समजावलं की हिने काहीच उघडत नाही. त्याने फोनवर तिला जी शिवी घातली ती तिने आनंदाने ऐकून घेतली. ती पावणेदोन वर्षं म्हणजे तिच्या आयुष्यातले बरे दिवस होते. माणसं तिच्यावर खार खाऊन होती आणि कुणाचंही दुखणं गावात फिरत नव्हतं.

आता परवान्याची गोष्ट. प्रोग्राम सुरू केला की आधी सहा पानं इंग्रजी मजकूर यायचा. बारामतीतच काय, पुण्यातही तो कुणी वाचत नसे. बटण दाबून पुढे जायचं, एवढंच. रोहिणीने डिक्शनरी घेऊन तो वाचून काढला. त्यात लिहिलं होतं, हा प्रोग्राम स्वतःच्या खाजगी कामासाठी फुकट आहे. धंद्यात वापरायचा तर परवाना घ्यावा लागेल, कारण आतल्या गणितावर पेटंट आहे. गणितालाही मालक असतो हे तिला तेव्हा कळलं, आणि तो मालक तिला आवडला नाही. पण दुसऱ्याची वस्तू न विचारता वापरणं हेही तिला आवडत नव्हतं. ती लॅबच्या मालकांकडे, डॉ. रघुनाथ बोकीलांकडे गेली.

"डॉक्टर, हे फुकट नाहीये. आपली लॅब म्हणजे धंदा झाला."

डॉ. बोकील हसले. "अगं रोहिणी, या मशीनमधलं काय विकतचं आहे ते सांग आधी. सगळं कुणाच्या तरी फ्लॉपीवरून उतरवलेलं. त्यात हे एक."

"बाकीचं तुम्ही उतरवलंय. हे मी घातलंय."

"मग तूच बघ बाई." त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

तिने स्वतः अमेरिकेतल्या त्या कंपनीला पत्र लिहिलं, लॅबच्या लेटरहेडवर, आवक-जावक रजिस्टरला नंबर टाकून. तीन महिन्यांनी उत्तर आलं. इतकं गोड इंग्रजी तिने आयुष्यात वाचलं नव्हतं. आपण विचारणा केलीत याबद्दल आम्ही आभारी आहोत. मात्र आमच्या सरकारच्या नियमाप्रमाणे पक्कं कुलूप परदेशात विकायला मनाई आहे. भारतातल्या ग्राहकाला त्याची कमजोर आवृत्ती परवान्यासह देता येईल. फुकट आवृत्ती आपल्यासारख्या व्यवसायात वापरण्यास परवानगी नाही.

रोहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धंदा करता म्हणून फुकटचं वापरू नका, आणि भारतात राहता म्हणून विकतचं मिळणार नाही. बंदुका आणि दारूगोळा ज्या यादीत, त्याच यादीत म्हणे हे कुलूप. इंदापूरच्या बाईच्या लघवीचा रिपोर्ट अमेरिकेच्या सरकारला उघडता यायला हवा, नाहीतर त्यांची झोप उडते! "आम्हाला अर्धं कुलूप देतात मेले," ती भिंतीला म्हणाली. त्या कमजोर आवृत्तीची चौकशी तिने केली नाही, डॉ. बोकीलांपुढे तो विषयही काढला नाही. ते कमजोर कुलूप तोडायलासुद्धा मोठमोठी मशीनं आणि मोठमोठी डोकी लागली असती. सावळारामला ते सात जन्मांत उघडलं नसतं. पण रागावलेल्या माणसाला पुरेसं काय आहे ते दिसत नाही, अपमान तेवढा दिसतो. तिने ते पत्र आवक रजिस्टरला चढवलं, भोकं पाडून फाइलला लावलं, आणि फुकटचं कुलूप तसंच वापरत राहिली. उभ्या तालुक्यात चोरीचा प्रोग्राम वापरणारी माणसं शेकड्याने असतील. आपण चोरीचा वापरतोय याचा लेखी पुरावा नंबर टाकून जपून ठेवणारी ती एकटीच.

१९९८ च्या फेब्रुवारीत डॉ. बोकीलांचा पुतण्या पुष्कर पुण्याहून आला. कॉम्प्युटरचं शिकलेला, बोलताना खिशातलं पेन काढून पुन्हा खिशात घालणारा. पुण्यात तेव्हा चोरीच्या सॉफ्टवेअरवर धाडी पडत होत्या, बातम्या छापून येत होत्या, आणि डॉ. बोकीलांनी घाबरून त्याला "जरा सगळं बघून घे" म्हणून बोलावलं होतं. पुष्करने मशीन बघितलं, कपाट बघितलं, फाइली चाळल्या. त्याच्या हाती ते पत्र लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणी कामावर आली तेव्हा कुलपाचा प्रोग्राम मशीनमधून गेलेला होता. फ्लॉपीसुद्धा मोडून टोपलीत टाकलेली.

"हे कुणी केलं?"

"मॅडम, हे पत्र वाचलंत का तुम्ही?" पुष्करने फाइल पुढे केली. "व्यवसायात वापरू नका असं कंपनीने लेखी कळवलंय. तुम्हालाच. उद्या कुणी तक्रार केली तर हे पत्र काकांच्या गळ्यात येईल."

"आणि रिपोर्ट छापायचा प्रोग्राम? पत्रं लिहायचा? काल दुपारी तुम्ही पत्ते खेळत होता तो? यातला एक तरी विकत घेतलाय?"

"त्यांचं लेखी काही नाहीये ना आपल्याकडे."

"म्हणजे ज्याने विचारलं तो चोर, आणि ज्यांनी न विचारता ढापलं ते साव?"

"कायद्याच्या दृष्टीने तुम्हाला माहीत होतं, मॅडम. त्यांना माहीत नव्हतं." पेन बाहेर आलं आणि आत गेलं.

त्या दिवशी इंदापूरचे सहा रिपोर्ट जायचे होते. पाचांत काही विशेष नव्हतं. सहावा छकुलीचा. छकुली म्हणजे सणसरच्या तानूबाईची पोरगी, रोहिणीच्याच आळीतली, एकोणीस वर्षांची, निमगाव केतकीला दिलेली. सातवा महिना चालू होता. नवरा ट्रकवर. तिचं रक्त रोहिणीने आदल्या दिवशी एचआयव्हीसाठी दोन वेगवेगळ्या किटांवर तपासलं होतं, कारण पहिल्यावर तिचा विश्वास बसला नव्हता. दोन्हींनी तेच सांगितलं. ही पोर पाच वर्षांची असताना, रोहिणी पुण्याहून सुट्टीत घरी आली की परत जाईपर्यंत तिच्या पाठीमागे हिंडायची. हा कागद सावळारामच्या हातात पडला तर काय होईल, ते आप्पाने दाखवून दिलेलं होतं.

डॉ. बोकील आतून बाहेर आले. "काय चाललंय? छाप ते सहा आणि घाल पाकिटात. पूर्वी जात होतेच की."

"पूर्वी काय झालं ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"रोहिणी, लॅब माझी आहे."

"सुई माझ्या हातात आहे," ती म्हणाली. हे बोलायचं काही कारण नव्हतं, पण ती बोलली. तिने छकुलीचा एकच रिपोर्ट छापला, घडी घालून पर्समध्ये ठेवला, अॅप्रन काढून पुष्करच्या समोर टेबलावर आपटला. "बाकीचे पाच तुम्ही टाइप करा. कायद्याने." आणि ती दीडच्या इंदापूर गाडीत जाऊन बसली.

गाडीभर ती भांडत होती. सणसर आलं, भवानीनगर आलं, उसाचे ट्रॅक्टर गाडीला वाट देईनात, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता, आणि रोहिणी मनातल्या मनात पुष्करला उत्तरं देत होती. एकाहून एक झणझणीत. लासुर्ण्याला तिला फारच चांगलं उत्तर सुचलं. निमगाव केतकीला पुढचं. पर्स तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. हा कागद आता माझ्या हातातून थेट डॉक्टरबाईंच्या हातात जाणार, मध्ये कुणी नाही, कुलूपही नको आणि कुणाचा परवानाही नको, या विचाराने तिला बरं वाटत होतं. इतक्या वेळात तिने एका साध्या गोष्टीचा विचार केला नाही.

ती हॉस्पिटलात शिरली तेव्हा चार वाजायला आले होते. बाकावर सहा पेशंट आणि त्यांच्यासोबतची माणसं बसली होती. छकुली भिंतीच्या कडेला, आणि शेजारी तिची सासू भामाबाई, मांडीवर पिशवी घेऊन. काउंटरमागे सावळाराम.

"आज सोताच? फ्लापी कुठाय?"

"बाजूला व्हा," रोहिणी म्हणाली आणि त्याला कोपराने सारून, पर्समधून तो एकच कागद काढत सरळ आत गेली.

डॉ. इंदिरांनी कागद वाचला, चष्मा काढला, डोळे मिटून घेतले. "बरं केलंस, तू स्वतः आलीस," त्या म्हणाल्या. "तिला आत्ताच सांगते. एकटीला. सासू नको."

बाहेर सावळारामने त्याचं रोजचं काम केलं, एवढंच. त्याने कुठलंही पाकीट उघडलं नाही, कुठलाही कागद वाचला नाही. तो बाकाकडे वळून मोठ्यांदा म्हणाला, "आज बाकीच्यांचं रिपोर्ट न्हाईत. उद्या या. येकाचाच आलाय, बारामतीची बाई सोता घिऊन आलीया." तेवढ्यात डॉ. इंदिरांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "छकुली, आत ये बाळ. तू एकटीच ये."

छकुली उठली. तिच्या जागेशेजारी बसलेल्या बाईने आपल्या पोराला उचलून दुसऱ्या बाजूला घेतलं. भामाबाई पिशवी छातीशी धरून उभी राहिली आणि सुनेकडे नाही, तर सावळारामकडे बघायला लागली. सावळारामने मान हलवली. त्याला काहीही माहीत नव्हतं आणि त्याला सगळं कळलं होतं.

रोहिणी दारातून हे बघत होती. पाच रिपोर्ट बारामतीला टेबलावर पडले होते. साखर, हिमोग्लोबिन, असलंच काहीबाही. ते तिने सोबत घेतले असते तर ती सहा जणांचे रिपोर्ट आणणारी बाई झाली असती. गाडी चुकली, फ्लॉपी बिघडली, काहीही सांगता आलं असतं. पावणेदोन वर्षं जी गोष्ट तिने एक दिवसही चुकवली नव्हती, ती तिने आज पुष्करला अद्दल घडवायच्या नादात टेबलावर ठेवून दिली होती.

लॅबमधून तिला कुणी काढलं नाही. पहिल्या टोचणीत शीर सापडणारा तिच्यासारखा दुसरा हात डॉ. बोकीलांकडे नव्हता. पुष्कर पुण्याला परत गेला, पत्त्यांचा खेळ मशीनमध्ये राहिला. डॉ. बोकील अजिबात ओरडले नाहीत, उलट म्हणाले, "झालं ते झालं." त्यांच्या त्या मोठ्या मनाची तिला शिसारी आली. पाकिटं पुन्हा कागदाची झाली.

तीन आठवड्यांनी ती सणसरला घरी गेली. आईने भाकरी थापताथापता सांगितलं, छकुलीला सासरच्यांनी आणून सोडलंय. भामाबाई म्हणे पोरीच्या हातचं पाणीसुद्धा घेईना, आणि पोरीनंच आमच्या लेकाला रोग लावला म्हणून गावभर सांगत सुटली. लेक ट्रकवरच आहे. त्याचं रक्त तपासायला कुणी मागितलं नाही. इथेही आळीतल्या बायका तानूबाईकडे ताक मागायला यायच्या बंद झाल्या. डॉ. इंदिरांनी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली आहे, बाळंतपण तिकडे.

रोहिणी उठली, पायांत चप्पल घातली आणि तानूबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तानूबाई अंगणात बसली होती, ती उठली नाही, ये म्हणाली नाही.

"आता काय घिऊन आलीस?"

"काय न्हाय, काकी. छकुलीला बघाय आले."

छकुली आतून आली. चौकटीला धरून उभी राहिली, पोट पुढे आलेलं, गळ्यातलं मंगळसूत्र पदराखाली सारलेलं. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"आक्का, डाक्टरीनबाई म्हनल्या, तुमी माझ्यापायी लॅबमदी भांडून आलात. खरं का?"

"व्हय."

"त्या कागदावरचं कुणाला सांगितलं न्हाईत?"

"न्हाय गं. आईची आण."

"मग बाकीच्या पाचांचं का आणलं न्हाईत?"

उत्तर एकच होतं आणि ते खरं होतं, म्हणून रोहिणीने ते दिलं. "रागात हुते. सुचलं न्हाय."

छकुलीने चौकटीवरचा हात काढला. "सावळारामतात्यानं पाकीट फोडलं असतं, तर मी त्यास्नी शिव्या तरी दिल्या असत्या," ती म्हणाली. "तुमास्नी काय म्हनू?" आणि आत निघून गेली.

तानूबाई उठली. रोहिणीच्या अगदी जवळ येऊन, दात ओठ खात, हळू आवाजात म्हणाली, "आता जा. तू हितं हुबी हायस ते रस्त्यावरनं दिसतंय. जितका येळ हुबी ऱ्हाशील तितकं लोकं बोलत्याल. पुन्यांदा आमच्या दारात येऊ नगंस, तुझ्या पाया पडते."

रोहिणी वळली. समोरच्या ओट्यावर दोन बायका सुपातले तांदूळ तसेच ठेवून तिच्याकडे आणि तिच्यामागच्या दाराकडे बघत होत्या. तिचं पित्त खवळलं. "काय बघताय?" ती ओरडली. तिच्या आवाजाने शेजारच्या घरातून आणखी दोघीजणी बाहेर आल्या.